वस्तीतला संशोधक आणि ज्ञानाचा अधिकार

ज्या समाजाचा अभ्यास करायचा त्याच समाजातल्या तरुण मुलामुलींनी प्रश्न ठरवावेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलाखती घ्याव्यात, नोंदी कराव्यात आणि त्या नोंदींचा अर्थही लावावा, या पद्धतीला समवयस्क संशोधन म्हणतात. आरोग्य, शिक्षण, घरे, पाणी अशा विषयांत ती आता अनेक देशांत रुळली आहे. तिच्याकडे बहुधा सोय म्हणून पाहिले जाते. वस्तीतली पोरे कोणत्याही दारात सहज उभी राहतात, तिथली बोली बोलतात आणि लोकही त्यांच्याशी आडपडदा न ठेवता बोलतात. ही सोय खरी असली तरी तेवढ्याने विषय संपत नाही. अठरा वर्षांची, पदवी नसलेली मुलगी आपल्या गल्लीविषयी जे सांगते ते ज्ञान मानायचे की नुसती माहिती? तिच्या शब्दाला प्रामाण्य येते ते तिथे राहिल्यामुळे, खरेपणामुळे, की कोणीतरी बाहेरून तपासल्यामुळे? आणि शेजारणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चारचौघांत मांडण्याचा हक्क तिला कुठून मिळतो? हे प्रश्न प्रमाणशास्त्राचे आणि नीतीचे आहेत. भारतीय दर्शनांत त्यांची चर्चा फार जुनी आहे, पण तरुण संशोधकांच्या प्रशिक्षणात ती क्वचितच डोकावते.

न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे सांगणे. आप्त कोणाला म्हणावे, याचे उत्तर गौतमाच्या न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने दिले आहे: ज्याने विषय स्वतः जाणला आहे आणि जसा जाणला तसाच दुसऱ्याला सांगावा अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते, असेही तो आवर्जून सांगतो. म्हणजे अटी दोनच, जाण आणि प्रामाणिकपणा. जन्म, वय किंवा गुरुकुल यांचा उल्लेख नाही. अर्थात यावरून प्राचीन नैयायिकांना समतावादी ठरवण्याची घाई करू नये. ज्या समाजात हे भाष्य लिहिले गेले त्यात वेद कोणी ऐकायचे आणि कोणी नाही हे जन्मावरच ठरत होते. शास्त्राने दोन अटी घातल्या, व्यवहाराने मुकाट्याने तिसरी घातली. आधुनिक संशोधनसंस्थांतही ती तिसरी अट आहेच. फक्त तिथे जन्माऐवजी पदवी, इंग्रजी आणि संस्थेचे नाव विचारले जाते.

दर्शनांतला आणखी एक वाद इथे थेट उपयोगी पडतो. ज्ञान झाले की ते आपोआप प्रमाण ठरते, त्याला बाधा आणणारे काही समोर येईपर्यंत ते खरेच मानावे, ही मीमांसकांची भूमिका. तिला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात की ज्ञान खरे की खोटे हे दुसऱ्या कशावरून तरी ठरते, मुख्यतः त्या ज्ञानाच्या आधारे केलेली कृती सफळ होते की नाही यावरून. हे परतःप्रामाण्य. मृगजळ पाहून माणूस धावतो, तहान भागत नाही, तेव्हा त्याला चूक कळते. ‘आम्ही इथे राहतो, आम्हालाच कळते’ असे जेव्हा एखादी वस्ती म्हणते तेव्हा ती स्वतःप्रामाण्याचा दावा करत असते. ‘आधी तपासू, मग मानू’ असे विद्यापीठ म्हणते तेव्हा ते परतःप्रामाण्याच्या बाजूने बोलते. समवयस्क संशोधनाला या दोन्हींची गरज आहे, मात्र वेगवेगळ्या टप्प्यांवर. ऐकून घेताना मीमांसकाचा नियम पाळावा: सांगणारा कोण आहे एवढ्यावरून त्याच्या शब्दावर शंका घेऊ नये. निष्कर्ष काढताना नैयायिकाचा नियम पाळावा: सांगणारा आपला आहे एवढ्यावरून त्याचा शब्द सिद्ध झाला असे समजू नये. बहुतेक घोटाळे हे टप्पे उलटे झाल्यामुळे होतात. गरिबाचे म्हणणे ऐकतानाच त्यावर शंका घेतली जाते, आणि एकदा ते अहवालात छापून आले की कोणी तपासत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा एक विलक्षण जुना दाखला आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 या दोन अंकांत छापला गेला. तेव्हा ती अजून शाळकरी वयात होती. निबंधात तीन प्रकारचा मजकूर आहे आणि तो एकमेकांत मिसळून येतो. पहिला प्रकार तिच्या डोळ्यांसमोरच्या गोष्टींचा: बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर धड छप्परही नसते, तेव्हा त्यांना काय सोसावे लागते. दुसरा प्रकार घरात-वाड्यात ऐकलेल्या गोष्टींचा: इमारतींच्या पायात मांग-महारांना गाडले जाई, बाजीराव पेशव्याच्या काळात तालीमखान्यासमोरून गेले तर शिर उडवले जाई. पेशवाई 1818 मध्ये संपली. म्हणजे हा काळ तिने पाहिलेला नाही, समाजाच्या आठवणीतून तिच्यापर्यंत आलेला आहे. तिसरा प्रकार युक्तिवादाचा. वेद फक्त ब्राह्मणांचे असे ब्राह्मण म्हणतात. मग आम्हाला धर्मग्रंथ नाही. धर्मग्रंथ नाही तर आम्ही धर्मरहित आहोत काय? आणि तसे असेल तर आमचा धर्म कोणता, हे देवा, तूच सांग.

प्रमाणांच्या चौकटीत बसवायचे तर पहिला भाग प्रत्यक्ष, दुसरा शब्द, तिसरा अनुमान. तिघांचे बळ सारखे नाही. तालीमखान्याच्या हकिकतीला इतर साधनांचा आधार शोधावा लागेल, आणि तसा शोध घेणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. समाजाने काय आठवणीत ठेवले हीही एक वस्तुस्थितीच असते. पण निबंधाचे खरे सामर्थ्य तिसऱ्या भागात आहे. ज्यांच्याविषयी लिहायचे ती माणसे साधारणपणे दुःखाची उदाहरणे पुरवतात आणि सिद्धान्त दुसरे कोणी मांडतात. या मुलीने प्रतिपक्षाचेच विधान हाती घेतले, त्याचा निष्कर्ष शेवटपर्यंत ओढला आणि तो निष्कर्ष किती असह्य आहे हे दाखवून दिले. न्यायशास्त्रात याला तर्क म्हणतात. तो तिला कोणी शिकवला होता असे दिसत नाही. तिच्याकडे प्रश्न होता, आणि तीन वर्षांच्या शाळेने तो लिहिण्यापुरती अक्षरे दिली होती.

प्रश्न समाजाच्या आतून येतो, पण त्याला आकार द्यायला बाहेरचे काहीतरी लागते. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला तेव्हा ते 25 वर्षांचे होते. त्यात सेनार, नेसफिल्ड, रिझ्ली या युरोपीय अभ्यासकांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. जातीचा विचार सुटा घटक म्हणून करणे ही त्यांची चूक, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ते श्रीधर व्यंकटेश केतकरांकडे वळले. केतकर म्हणजे पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोश रचणारे. त्यांचा जातीच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ 1909 मध्ये निघाला तेव्हा त्यांचेही वय 25 च होते, आणि तो ग्रंथ त्याच न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकताना सिद्ध झाला होता. आपल्याच समाजाकडे परदेशातल्या ग्रंथालयात बसून पाहणारे हे दोन मराठी तरुण. एक चित्पावन ब्राह्मण, दुसरा महार.

आंबेडकरांनी केतकरांच्या बाजूने दोन गोष्टी नोंदवल्या: ते या देशातलेच आहेत, आणि त्यांनी चिकित्सक बुद्धी व मोकळे मन ठेवून अभ्यास केला आहे. या दोन गोष्टी आंबेडकरांनी स्वतंत्रपणे सांगितल्या आहेत. पहिली असली की दुसरी आपोआप येते असे त्यांनी मानले नाही. त्यानंतर त्यांनी केतकरांचीही चूक दाखवली: जातीबाहेर विवाहाला बंदी आणि जन्माने मिळणारे सभासदत्व ही केतकरांनी दोन वेगळी लक्षणे मानली, पण ती एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. या देशातला माणूस म्हणून दिलेला मान खरा होता, पण त्या मानापोटी चूक सोडून दिलेली नाही. आतल्या माणसाचे ज्ञान कसे वाचावे याचा इतका स्वच्छ नमुना नंतरच्या पद्धतिशास्त्राच्या पुस्तकांतही सहसा सापडत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विचाराला चळवळीचे रूप आले. ब्राझीलचे पाउलो फ्रेअरी यांनी शोषितांच्या शिक्षणाचा विचार मांडताना, शिकणारा हा ज्ञानाचे भांडे नसून जाणणारा आहे, यावर भर दिला. 1977 मध्ये कोलंबियातल्या कार्ताहेना येथे ओर्लांदो फाल्स बोर्दा यांच्या पुढाकाराने सहभागी कृतिसंशोधनावर परिषद भरली. मुंबईत 1985 मध्ये पदपथावर राहणाऱ्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजत असताना ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथवासीयांची मोजणी हाती घेतली आणि ‘वुई, द इनव्हिजिबल’ हा अहवाल काढला. जे कोणत्याच यादीत नाहीत त्यांना हटवणे प्रशासनाला सोपे जाते, हे त्या मोजणीमागचे साधे कारण होते.

मुंबईतच अर्जुन अप्पादुराई यांनी स्थापन केलेल्या ‘पुकार’ या संस्थेने तरुणांच्या संशोधनाला पाठ्यवृत्तीचे रूप दिले. तरुणांचे गट स्वतःच विषय निवडतात आणि साधारण वर्षभर त्याचा अभ्यास करतात. त्यांना ‘बेअरफूट रिसर्चर’ म्हणजे अनवाणी संशोधक असे नाव पडले. यामागचा विचार अप्पादुराईंनी 2006 च्या ‘द राइट टु रिसर्च’ या लेखात मांडला. त्यांच्या मते संशोधन ही फक्त तज्ज्ञांची मिरास नाही. आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही हे ओळखून, एखाद्या हेतूसाठी ज्ञानाची कक्षा पद्धतशीरपणे वाढवणे ही प्रत्येक माणसाची क्षमता आहे, आणि शहरात टिकून राहायचे तर ती त्याचा हक्कही ठरते. हा हक्क मतदानासारखा कागदावर मिळत नाही. नळाच्या रांगेत उभे राहणाऱ्या मुलाला ‘पाणी का येत नाही’ याचे उत्तर स्वतः शोधता आले तरच तो त्याला खऱ्या अर्थाने मिळाला.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कौला बंदर या वस्तीत हे अक्षरशः घडले. वस्ती पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या जमिनीवर असल्याने ती अधिसूचित झोपडपट्ट्यांत धरली जात नव्हती, आणि त्यामुळे महापालिकेच्या पाणीपुरवठ्यापासून वंचित होती. लोक खाजगी विक्रेत्यांकडून पाणी घेत. हे विक्रेते अग्निशमनाच्या भूमिगत वाहिन्यांना मोटार लावून पाणी खेचत. पुकारच्या स्थानिक संशोधकांनी डॉक्टरांच्या साथीने इथे अभ्यास केला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार महापालिकेचा दर 1,000 लिटरला सव्वादोन रुपये असताना इथली कुटुंबे त्याच्या 52 ते 206 पट पैसे मोजत होती, आणि तरीही 95 टक्के कुटुंबांना माणशी दिवसाला 50 लिटरदेखील पाणी वापरता येत नव्हते. फुकटे म्हणून ज्यांची संभावना होते तेच महापालिकेच्या दरापेक्षा कितीतरी महाग पाणी पीत होते, हे आकड्यांनी दाखवून दिले. वस्तीला ते आधीपासून ठाऊक होते. पण तिचा अनुभव मोजला गेला, इतरांना तपासता येईल अशा रूपात आला, तेव्हाच तो नैयायिकाच्या कसोटीला उभा राहिला.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. 2002 मध्ये गोपाळ गुरू यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिलेल्या लेखात भारतीय समाजशास्त्रांतली कामाची वाटणी उघड केली: काही जण सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि बाकीचे आकडे गोळा करणारे शूद्र. हा टोला समवयस्क संशोधनाला तंतोतंत बसू शकतो. वस्तीतल्या मुलांनी उन्हातान्हात दोनशे प्रश्नावल्या भरायच्या, आणि त्यांचे विश्लेषण वातानुकूलित खोलीत व्हायचे. पदव्या, निबंध आणि परिषदा दुसऱ्यांच्या वाट्याला, मुलांच्या हाती सहभागाचे प्रमाणपत्र. रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी मुळी सहभाग मानलेच नाही: मुलांना वापरून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते बोलावणे. आपल्याकडे ज्याला ‘युवा सहभाग’ म्हटले जाते त्याचा बराच भाग या तीन पायऱ्यांवरच बसलेला आहे.

गुरू आणि तत्त्वज्ञ सुंदर सरुक्काई यांच्यातला पुढचा संवाद 2012 मध्ये ‘द क्रॅक्ड मिरर’ या ग्रंथरूपाने आला. जगलेला अनुभव आणि त्याचा सिद्धान्त यांचे नाते काय, हा त्याचा विषय. सरुक्काई यांचा एक मुद्दा इथे विशेष लागू पडतो: ज्यातून हवे तेव्हा बाहेर पडता येत नाही तो अनुभव वेगळ्या जातीचा असतो. सहा महिने वस्तीत राहून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला परतीचे तिकीट असते, वस्तीतल्या मुलीला नसते. तिला दिसणाऱ्या काही गोष्टी त्या परतीच्या तिकिटामुळेच दुसऱ्याला दिसत नाहीत. मिरांडा फ्रिकर यांनी 2007 मध्ये ज्ञानविषयक अन्यायाचे जे दोन प्रकार सांगितले तेही याच संदर्भात कळतात. एकात ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहामुळे सांगणाऱ्याचा शब्द हलका ठरतो. दुसऱ्यात सोसणाऱ्याकडे आपल्या सोसण्याला नाव देणारी संकल्पनाच नसते. पहिला अन्याय ऐकणाऱ्याने सुधारायचा आहे. दुसरा मात्र माणसे एकत्र बसून आपापले अनुभव जुळवतात तेव्हाच दूर होतो, आणि ते काम समवयस्कांच्या गटात जितके चांगले होते तितके क्वचितच दुसरीकडे होते.

म्हणून आतला माणूस नेहमी बरोबर असतो असे मात्र नाही. रॉबर्ट मर्टन यांनी 1972 मध्ये दाखवले त्याप्रमाणे कोणीही केवळ आतला किंवा केवळ बाहेरचा नसतो. वस्ती बाहेरून एक दिसते. आत गेले की घरमालक आणि भाडेकरू, जुने आणि नवे, मुले आणि मुली, या जातीचे आणि त्या जातीचे असे तिचे अनेक तुकडे असतात. मंडळाच्या कट्ट्यावर बसणाऱ्या मुलाला सार्वजनिक शौचालयाकडे रात्री जाणाऱ्या बाईची भीती आपोआप कळत नाही. कमिटीच्या अध्यक्षाच्या पुतण्याला भाडेकरू खरे सांगेलच असे नाही. शिवाय सवयीने डोळा मरतो. रोज दिसणाऱ्या गोष्टीविषयी प्रश्न पडत नाही, आणि तो पाडायला कधीकधी बाहेरचाच माणूस लागतो. गटात वेगवेगळ्या घरांतली मुले-मुली असावीत, परस्परांच्या नोंदी परस्परांनी तपासाव्यात, असे जे नियम चांगल्या प्रकल्पांत पाळले जातात ते याचसाठी.

सर्वांत अवघड भाग नीतीचा आहे. वैद्यकीय आणि सामाजिक संशोधनातली नीती संमती, गोपनीयता आणि अहित टाळणे या तत्त्वांवर उभी आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच 7 ते 12 वर्षांच्या मुलांची तोंडी आणि 12 ते 18 वर्षांच्या मुलांची लेखी मान्यता घ्यावी लागते. पण हे नियम उत्तरे देणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. प्रश्न विचारणारीच सोळा वर्षांची असेल तर काय? शेजारच्या घरातली मारहाण, कोणाची दारूची भट्टी, कोणाचा आजार हे तिला कळते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांबरोबर पाण्याच्या रांगेत उभे राहायचे असते. मुलाखतीत एखाद्या मैत्रिणीने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली तर पेच आणखी घट्ट होतो. पीडित अल्पवयीन असल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ती माहिती पोलिसांपर्यंत पोचवणे बंधनकारक आहे. न कळवल्याबद्दलच्या शिक्षेतून कायद्याने मुलांना वगळले आहे, प्रकल्प चालवणाऱ्या मोठ्यांना नाही. ‘तुझे बोलणे कोणालाही सांगणार नाही’ हे वचन अशा वेळी देताच येत नाही, आणि ही मर्यादा मुलाखतीच्या आधी सांगायला हवी. ओझे पेलण्याची जबाबदारी मुलीची नाही. ती तिला पाठवणाऱ्यांची आहे.

दुसरा पेच प्रसिद्धीचा. आपल्या वस्तीतले व्यसन, बालविवाह, आपसातली हिंसा जगापुढे मांडावी का? लपवले तर संशोधन खोटे पडते, मांडले तर आधीच बदनाम असलेल्या वस्तीवर आणखी एक शिक्का बसतो. ईव्ह टक या अलास्कातल्या उनांगान समाजातून आलेल्या विदुषीने 2009 मध्ये असे आवाहन केले की वंचित समाजांची केवळ पडझड मोजणारे संशोधन थांबवावे. पाली परंपरेतल्या अभयराजकुमार सुत्तात या प्रश्नाला अधिक नेमके उत्तर सापडते. तिथे बुद्ध वाणीच्या तीन कसोट्या लावतो: ती खरी आहे का, हिताची आहे का, आणि ऐकणाऱ्याला प्रिय आहे का. खोटे किंवा अहिताचे तो बोलत नाही. खरे आणि हिताचे असेल पण अप्रिय असेल, तर ते सांगण्याची योग्य वेळ तो पाहतो. त्या सुत्तात अप्रिय सत्य टाळायचे नाही, त्याची वेळ पाहायची असे सांगितले आहे. तरुण संशोधकांच्या बाबतीत याचा व्यावहारिक अर्थ असा की निष्कर्ष आधी वस्तीसमोर मांडावेत, तिथली भांडणे होऊ द्यावीत, चुका दुरुस्त व्हाव्यात आणि मग ते बाहेर जावेत. याला वेळ लागतो, आणि निधी देणाऱ्यांच्या वेळापत्रकात नेमका तोच धरलेला नसतो.

या सगळ्यातून एक कसोटी हाती लागते आणि ती कोणत्याही प्रकल्पाला लावता येते: वर्षाच्या मध्यावर मुलांनी येऊन सांगितले की मूळ प्रश्नच चुकीचा विचारला होता, तर तो बदलतो का? बदलत असेल तर ती मुले संशोधक आहेत, आणि अहवालावर त्यांची नावे लेखक म्हणून यायला हवीत. बदलत नसेल तर ते सर्वेक्षणाचे काम आहे. तेही सन्मानाचे काम आहे. मग त्याला सर्वेक्षणच म्हणावे आणि त्याची मजुरी बाजारभावाने, वेळेवर द्यावी.